आकडा मोठ्याने सांगायचा

आमच्या घरावर पाच कर्जं होती. घराचं, गाडीचं, सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी काढलेलं वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि नवऱ्याच्या आत्यांकडून घेतलेले हातउसने. प्रत्येकाला त्या त्या वेळी कारण होतं, आणि ते कारण खरं होतं. पण कर्ज कशासाठी काढलंय याच्याशी व्याजाला काही देणंघेणं नसतं. दर महिन्याला पगार यायचा, हप्ते जायचे, आणि उरलेल्या दिवसांची ओढाताण पुन्हा कार्डावर जाऊन बसायची. आता घराचं कर्ज सोडून बाकीची सगळी फिटली आहेत. ती कशी फिटली ते सविस्तर लिहिते आहे, कारण आम्हाला हे करताना सगळ्यात जास्त गरज होती ती कुणीतरी आपल्यासारखंच करून दाखवल्याची.

सुरुवात एका कोऱ्या कागदापासून झाली. प्रत्येक कर्जापुढे आम्ही पाच गोष्टी लिहिल्या : शिल्लक मुद्दल, व्याजाचा दर, महिन्याचा हप्ता, उरलेली मुदत आणि मुदतीआधी फेडल्यास लागणारं शुल्क. लिहायला बसलो तेव्हा कळलं की हप्ता सोडून बाकी काहीच आपल्याला पाठ नसतं. हप्ता लक्षात राहतो, कारण तो खुपतो. मुद्दल किती उरलंय हे विचारायला मात्र फोन करावे लागले, जुने करार काढून वाचावे लागले.

करार वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने समोर आली. गाडीच्या कर्जाचा दर कागदावर कमी दिसत होता, पण तो ‘फ्लॅट’ दर होता. म्हणजे पहिल्या दिवशी जी रक्कम घेतली, तिच्यावरच शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज धरलेलं. आपण मुद्दल फेडत आलो तरी व्याजाच्या हिशोबात ते कमी होत नाही. तीन वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट दराने घेतलेलं कर्ज घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून मोजलं, तर दर जवळजवळ १८ टक्के पडतो. दोन कर्जांची तुलना करताना आधी दोन्ही दर एकाच पद्धतीचे आहेत ना, हे पाहायलाच हवं. हे मी आता भेटेल त्याला सांगते.

कार्डाचा हिशोब त्याहून जड निघाला. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं. चक्रवाढीने वर्षाला ते ४२ टक्क्यांच्या वर जातं. समजा १०० ची थकबाकी आहे. दर महिन्याला आधी ३ टक्के व्याज लागतं आणि मग एकूण रकमेच्या ५ टक्के, म्हणजे किमान देय रक्कम, आपण भरतो. नवीन काहीही खरेदी केलं नाही, तरी वर्षभरात ५५ भरून कर्ज फक्त २३ ने कमी होतं. बाकीचे ३२ व्याजात गेलेले असतात. थकबाकी निम्म्यावर यायला अडीच वर्षांहून जास्त काळ लागतो. हा तक्ता नवऱ्याने रात्री बसून मांडला आणि मला दाखवला. आम्ही दोघंही बराच वेळ बोललो नाही. मग तो म्हणाला, “नवीन काही नाही. एक पैसाही नाही.” मी म्हटलं, “ठरलं.”

तो पहिला निर्णय. सोपा वाटतो, पण त्यामागे बरंच काम होतं. कार्डावर आपोआप जाणारी वर्गणी, विम्याचा हप्ता, फोनचं बिल असं सगळं एकेक करून तिथून काढून बचत खात्याला जोडलं. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेला कार्डाचा नंबर पुसला. कार्ड कपाटात गेलं. आणि फेड सुरू करायच्याही आधी आम्ही एक छोटी शिल्लक बाजूला ठेवली, एखादं अचानक आलेलं मोठं बिल निघेल एवढी. एवढं कर्ज डोक्यावर असताना पैसे बाजूला ठेवायचे, हे मला पटायला वेळ लागला. पण ती शिल्लक नसती तर पहिल्याच दुरुस्तीला कपाटातलं कार्ड बाहेर आलं असतं.

मग वही. जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या पत्रकार बाईंनी १९०४ साली ‘काकेइबो’ नावाची घरखर्चाची वही लोकांपुढे आणली. पैसे खर्च होऊन गेल्यावर हळहळण्याऐवजी महिन्याच्या सुरुवातीलाच किती येणार आणि किती वाचवायचे हे लिहायचं, मग खर्च हाताने नोंदवायचा आणि महिनाअखेरीस त्याच्याकडे पुन्हा पाहायचं, अशी ती पद्धत. हाताने लिहिण्याचा भाग मला फार महत्त्वाचा वाटला. फोनमधलं ॲप आपोआप नोंद करतं, आणि म्हणूनच आपण ती वाचत नाही. वहीत लिहिताना आकडा हातातून जातो.

वहीचा एक नियम आम्ही पहिल्याच आठवड्यात केला, आणि माझ्या मते पुढचं सगळं त्या नियमावर उभं राहिलं. खर्च लिहिताना ‘का?’ विचारायचं नाही. रोज रात्री दोघांनी आपापले खर्च सांगायचे, एकाने लिहायचे, बस्स. प्रश्न महिनाअखेरीसच. कारण जिथे रोज जाब विचारला जातो, तिथे माणूस खर्च लपवायला लागतो, आणि लपवलेला खर्च असलेली वही काही कामाची नाही. सासूबाई सुरुवातीला या कार्यक्रमापासून लांबच राहायच्या. आपल्यावर लक्ष ठेवण्यासाठी हे चाललंय असं त्यांना वाटायचं. एके रात्री त्या स्वतःहून आल्या आणि म्हणाल्या, “माझंही लिही. औषधं आणि रिक्षा.” मी म्हटलं, “आई, तुम्ही सांगा, मी लिहिते.” त्या दिवसापासून वही घराची झाली.

दोनतीन महिन्यांच्या नोंदी समोर आल्यावर काटकसर कुठे करायची हे डोळ्यांना दिसायला लागलं. लोक काटकसर म्हटलं की आधी छोट्या सुखांवर कात्री चालवतात. आमचा अनुभव उलटा आहे. एकदाच बसून केलेले मोठे बदल टिकले. विम्याचे हप्ते तपासून एकच गोष्ट दोनदा झाकणारी योजना नूतनीकरणाच्या वेळी बंद केली. कुणी पाहत नसलेल्या वर्गण्या थांबवल्या. फोनचे प्लॅन बदलले. दोन वाहनांची कामं एका वाहनावर आणली आणि दुसरं विकून टाकलं, ते पैसे थेट मुद्दलात गेले. असा एक निर्णय घेतला की तो दर महिन्याला स्वतःच बचत करत राहतो, रोज मनाशी झगडावं लागत नाही.

रोजच्या झगड्यासाठी दोन युक्त्या कामाला आल्या. पहिली, थांबायची यादी. गरजेची नसलेली कुठलीही वस्तू घ्यावीशी वाटली की तारखेसह यादीत लिहायची आणि महिनाभर थांबायचं. महिन्यानंतरही हवीशी वाटली तर बोलायचं. यादीतल्या बहुतेक वस्तू घेण्याचं नंतर आम्हालाच कारण सापडलं नाही. दुसरी युक्ती, हातखर्च. प्रत्येकाला, मुलालासुद्धा, महिन्याला एक लहानशी रक्कम अशी द्यायची की तिचा हिशोब कुणी मागणार नाही. ही रक्कम अगदी कमी होती. पण तिने घरातलं वातावरण सांभाळलं. सगळ्याच गोष्टींना नाही म्हणणारं घर फार काळ नाही म्हणू शकत नाही.

आणि काही गोष्टींत काटकसर करायचीच नाही, हेही ठरवून लिहून ठेवलं : औषधं, दातांची कामं, आरोग्यविमा, मुलाचं शिक्षण. आज टाळलेला दाताचा खर्च उद्या चौपट होऊन येतो, आणि तो बहुधा कर्जानेच भागवावा लागतो. वर्षातून एकदा येणारे खर्च (विमा, फी, कर) आम्ही १२ ने भागून दर महिन्याला वेगळे ठेवायला लागलो. हे खर्च ‘अचानक’ येत नाहीत, त्यांची तारीख वर्षभर आधी माहीत असते. तरी आमच्या घरातली निम्मी ओढाताण त्यांचीच होती.

आता प्रश्न आला, वाचलेले पैसे आधी कुठल्या कर्जात घालायचे? गणित सरळ आहे. ज्याचा व्याजदर सगळ्यात जास्त, ते आधी. एकूण व्याज त्यानेच सगळ्यात कमी लागतं. दुसरा मार्ग म्हणजे सगळ्यात लहान कर्ज आधी संपवायचं, मग त्याचा मोकळा झालेला हप्ता पुढच्या कर्जाच्या हप्त्यात मिळवायचा, आणि असं वाढत जायचं. यात थोडं जास्त व्याज जातं, पण खाती भराभर बंद होतात. डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या संशोधकांनी २०१२ साली कर्ज फेडू पाहणाऱ्या लोकांच्या नोंदी तपासल्या. आपल्या कर्जखात्यांपैकी जास्त हिस्सा ज्यांनी बंद केला होता, ते सगळं कर्ज फेडण्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता जास्त होती, असं त्यांना आढळलं. बंद केलेली खाती रकमेने किती मोठी होती याला तितकं महत्त्व नव्हतं. म्हणजे एक खातं पुरतं मिटल्याचं समाधान माणसाला पुढे ढकलतं.

आम्ही दोन्हींची सांगड घातली. पहिलं फेडलं ते आत्यांचं. त्यावर व्याज नव्हतं, त्यामुळे गणिताच्या हिशोबाने ते सगळ्यात शेवटी यायला हवं होतं. पण त्यांच्याकडे जाणं आम्ही टाळायला लागलो होतो, आणि फोनवर बोलतानाही आवाज बदलत होता. पैसे परत द्यायला गेलो तेव्हा आत्या म्हणाल्या, “अरे, घाई कसली होती? मी मागितले होते का?” नवरा म्हणाला, “म्हणूनच आधी आणले.” एक नातं मोकळं झालं. व्याजदराच्या रकान्यात हे मावत नाही, पण माझ्यासाठी त्या सबंध फेडीतला हा सगळ्यात फायद्याचा व्यवहार आहे. त्यानंतर मात्र कार्ड, आणि मग दराप्रमाणे पुढे.

इथपर्यंत आम्ही दोघंच होतो. नवराबायकोचा निश्चय खरा असला तरी दोघंही एकाच वेळी थकतात. एकच पगारवाढ लांबते, एकच आजारपण येतं, आणि दोघांचा धीर एकदमच सुटतो. तेव्हा बाहेरचं कुणीतरी लागतं. कामावरच्या माझ्या एका मैत्रिणीचीही हीच परिस्थिती होती. एक दिवस ती सहज म्हणाली, “आपण दोघी दर महिन्याला एकमेकींना आकडा सांगू या का? फक्त सांगायचा. बाकी काही नाही.” मी हो म्हटलं, पण पहिल्यांदा सांगताना घशाशी आलेला आकडा बाहेर पडेना. तिने आपला आधी सांगितला. मग मीही सांगितला. एवढंच झालं, आणि परत येताना मला कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. इतके दिवस तो आकडा मी एकटीने वागवत होते. तो माहीत असलेली आणि तरीही माझ्याशी पूर्वीसारखीच बोलणारी एक व्यक्ती आता जगात होती.

पुढे तिच्या शेजारचं एक कुटुंब आलं, मग माझी चुलत नणंद आणि तिचा नवरा. चार घरं. महिन्याच्या शेवटी एकत्र बसायचं, आळीपाळीने एकेकाच्या घरी, आणि त्या बैठकीसाठी कुणी वेगळा खर्च करायचा नाही. अशा बसण्याला जुना आधार आहे, हे मला नंतर कळलं. १९७६ साली न्यू यॉर्कमध्ये ‘डेटर्स अनॉनिमस’ ही कर्जात अडकलेल्या लोकांची परस्परसाहाय्य चळवळ उभी राहिली. नवीन बिनतारण कर्ज न घेणं, रोजचा खर्च नोंदवणं आणि दोन अनुभवी सदस्यांनी तिसऱ्यासोबत बसून त्याच्या खर्चाची आखणी करणं, हे त्यांच्याकडे चालत आलं आहे. आमच्या चार घरांनी जे चाचपडत शोधलं, त्यातलं बरंचसं तिथे होतं.

आमचे नियम आमच्या गरजेतून आले. एकमेकांना पैसे उसने द्यायचे नाहीत आणि जामीन राहायचं नाही. हा नियम सुरुवातीला कठोर वाटला, पण ज्या दिवशी या मंडळींत देणंघेणं सुरू होईल, त्या दिवशी कुणीच खरा आकडा सांगणार नाही. विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. आणि मूळ कर्ज १०० धरून त्यातलं किती फिटलं एवढंच फळ्यावर लिहायचं, रक्कम नाही, कारण चौघांची मिळकत वेगळी, कर्ज वेगळं. शेजारच्या कुटुंबाने एका महिन्यात फेडलेली रक्कम आमच्या वर्षभराच्या फेडीएवढी असायची. टक्क्यांत मांडल्यावर ती तुलना मागे पडली.

प्रोत्साहन म्हणजे काय, हे मला या बैठकांत शिकायला मिळालं. ‘होईल सगळं नीट, धीर धर’ या बोलण्याने काही होत नाही, ते ऐकून उलट एकटं वाटतं. उपयोगी पडतं ते नेमकं बोलणं. नणंद एका बैठकीत गप्प गप्प होती, तिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं म्हणे. मैत्रिणीने विचारलं, “मागच्या महिन्यात तू वित्तसंस्थेला फोन करणार होतीस ना?” “केला. दंड माफ करता येईल का विचारलं. लेखी अर्ज करा म्हणाले.” “मग केलास?” “केला.” यावर मैत्रीण म्हणाली, “म्हणजे वर्षभर टाळलेलं काम तू या महिन्यात केलंस, आणि सांगण्यासारखं काही नाही म्हणतेस?” नणंदेचा चेहरा उजळला. पुढे त्या अर्जाचा उपयोगही झाला, दंडाचा काही भाग माफ झाला. पण तो नंतरचा भाग. मला आठवतो तो त्या संध्याकाळचा तिचा चेहरा.

सगळ्यात कठीण काळ शेजारच्या कुटुंबाचा आला. त्यांच्याकडे कमावत्या माणसाची नोकरी गेली. दोन बैठकांना ते आलेच नाहीत. आम्ही निरोप पाठवला की आकडा सांगू नका, नुसते या. ते आले. फळ्यावर त्यांचा टक्का जागचा हलला नव्हता. तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांना विचारलं, “या काळात नवीन कर्ज किती घेतलं?” ते म्हणाले, “घेतलं नाही. साठवलेल्यावर भागवतोय. आणि हप्ते कमी करून मुदत वाढवून मागितली.” नोकरी जाऊनही नवीन कर्ज नाही, हे त्यांनी स्वतः मोठ्याने म्हटल्यावर त्यांनाच जाणवलं की आपण मागे गेलेलो नाही. हप्ता चुकण्याच्या आधी कर्ज देणाऱ्याशी बोलावं, चुकल्यानंतर नाही, ही गोष्ट आम्ही बाकी तिघांनी त्यांच्याकडून शिकलो. आधी बोललं तर मुदत वाढवून मिळण्याची शक्यता असते. नंतर दंड, वसुलीचे फोन आणि पतनोंद (आपण कर्ज कसं फेडतो याची नोंद) बिघडणं हे सगळं एकदम अंगावर येतं.

मुलाला हे सगळं कितपत कळू द्यावं, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. शेवटी आम्ही त्याला घाबरवणारं काही सांगितलं नाही, पण लपवलंही नाही. चौकटींच्या कागदावर १०० चौकोन आखले, एक टक्का फिटला की एक चौकोन त्याने रंगवायचा. एखाद्या महिन्यात एकही चौकोन रंगला नाही की तोच विचारायचा. एकदा आम्ही दोघं मोठ्या खरेदीबद्दल बोलत होतो तर तो म्हणाला, “म्हणजे किती चौकोन?” आम्ही ती वस्तू यादीत लिहिली.

मधला काळ कंटाळवाणा असतो, आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. लहान खाती मिटल्याचा उत्साह ओसरतो, उरतं ते एक मोठं वैयक्तिक कर्ज आणि महिन्यामागून महिने तोच तो हप्ता. या काळात उपयोगी पडली ती जादा फेड. त्यात एक बारकावा आहे. हप्त्यापेक्षा जास्त पैसे भरले की ते पुढच्या हप्त्यापोटी जमा धरले जाऊ शकतात, आणि मग व्याजात काहीच फरक पडत नाही. म्हणून प्रत्येक वेळी लेखी सांगायचं की ही रक्कम मुद्दलात वळती करा, हप्ता तोच ठेवा आणि मुदत कमी करा. आणि पुढच्या महिन्याचा उतारा मागवून मुद्दल खरंच उतरलंय का ते पाहायचं. आमच्या बाबतीत एकदा ते उतरलेलं नव्हतं. पत्र दाखवल्यावर दुरुस्त झालं.

घराच्या कर्जाचं गणितही याच काळात नीट समजलं. ९ टक्के दराने २० वर्षांच्या मुदतीचं कर्ज असेल तर पहिल्या हप्त्यातल्या १०० पैकी ८३ व्याजात जातात, मुद्दलात फक्त १७. म्हणूनच सुरुवातीच्या वर्षांत भरलेल्या जादा रकमेला सगळ्यात जास्त किंमत असते. वर्षाला एका हप्त्याएवढी रक्कम जास्त भरली, तर अशा कर्जाची मुदत साधारण साडेतीन वर्षांनी कमी होते. हे ऐकून मैत्रिणीने दर महिन्याच्या हप्त्यात त्याचाच बारावा भाग मिळवून भरायला सुरुवात केली. वर्षाअखेरीला एकदम रक्कम काढण्यापेक्षा तिला ते सोपं गेलं.

वैयक्तिक कर्जाचा शेवटचा हप्ता गेला तेव्हा काम संपलं नव्हतं. बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचं पत्र, मागितला, तारण म्हणून दिलेली कागदपत्रं आणि कोरे धनादेश परत घेतले, बँकेतली आपोआप हप्ता कापण्याची सूचना रद्द केली. गाडीच्या नोंदणीवरचा वित्तसंस्थेचा बोजा उतरवून घेतला. काही आठवड्यांनी पतअहवाल काढून ती खाती ‘बंद’ दिसतात का ते तपासलं. एक खातं अजून चालू दाखवत होतं, दाखल्याची प्रत जोडून तक्रार केल्यावर ते सुधारलं. फेडलेलं कर्ज कागदावर जिवंत राहिलं तर पुढे कधीतरी ते नडतं, म्हणून हे कागद एका वेगळ्या फायलीत लावून ठेवले आहेत.

मोकळ्या झालेल्या हप्त्यांचं काय करायचं, हे त्या महिन्याच्या बैठकीत चौघांसमोर ठरलं. अर्धे पैसे घराच्या मुद्दलात आणि अर्धे, सहा महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक होईपर्यंत, बाजूला. शेजारच्या गृहस्थांना आता नवीन काम मिळालं आहे आणि त्यांचा टक्का पुन्हा वर सरकतो आहे. नणंदेचं एक खातं पुढच्या महिन्यात बंद होईल. या महिन्याची बैठक आमच्याकडे आहे.